डाव्या हाताचं ऐकणं

"पोरी, तुझी पेटी मागनं यायलीया."

तबल्यावरचे काका हे म्हणाले तेव्हा माझ्यासमोर पेटी नव्हतीच. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड होता, ज्याला स्वतःचा आवाज नाही. त्याची वायर लॅपटॉपला, लॅपटॉपवर अरेंजर सॉफ्टवेअर, तिथून आवाज हॉलच्या मिक्सरला. पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेलं कुठलंही वाद्य काकांच्या लेखी पेटीच, आणि त्यांची तक्रार अक्षरशः खरी होती. मी पट्टी दाबत होते आणि सूर नंतर येत होता.

ही मिरजेतली गोष्ट. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलवर गाण्याची बैठक असते. भावगीतं, नाट्यगीतं, अभंग. पंधरा-वीस जण येतात, त्यातले सात-आठ गातात, बाकीचे ऐकतात आणि मधल्या चहाची वाट बघतात. बँकेतून सुटले की मी साथीला जाते. पेटी वडिलांकडून शिकले. सॉफ्टवेअर माझं मीच शिकले, आणि काकांचं ते वाक्य हा त्यातला पहिला धडा होता.

घरी येऊन हिशोब मांडला. लॅपटॉप आवाज सलग तयार करत नाही, गठ्ठ्या-गठ्ठ्यानं करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दरानं ५१२ नमुन्यांचा गठ्ठा भरायला साडेअकरा मिलिसेकंद लागतात. गठ्ठा १२८ चा ठेवला तर तीनही लागत नाहीत. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा ५१२ चा गठ्ठा ठेवला तर पेटीवाला चार मीटर लांब जाऊन बसल्यासारखा. लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डावर तर माझा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या घरात निघाला. काकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते खरी, पण साथ चालली होती ३४ मीटरांवरून, हॉलच्या फाटकापलीकडून. काकांचा कान हे सगळं गणित एका वाक्यात सांगून गेला होता.

मग बाहेरचं ऑडिओ इंटरफेस घेतलं, उशीर कमी करणारा त्याचा असिओ ड्रायव्हर टाकला, गठ्ठा १२८ वर आणला. पुढच्या गुरुवारी काका काही बोलले नाहीत. तबलजी काही बोलत नाही तेव्हा सगळं ठीक चाललेलं असतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरच्यांनी तेव्हा विचारलं होतं. हॉलवर वादक दोनच, काका आणि मी. नाट्यगीताला, अभंगाला तबला-पेटी पुरते. खरं तर तेवढंच हवं असतं. भावगीताचं तसं नाही. भावगीत आपण रेडिओवरून आणि तबकड्यांवरून ऐकत आलो, आणि त्यातली व्हायोलिनं, बासरी, मेंडोलिन, बास हे सगळं त्या चालीत इतकं मुरलेलं आहे की अंतऱ्याआधीचा पीस वाजला नाही तर गाणाऱ्याला अंतरा उचलताच येत नाही. पीस म्हणजे त्या अंतऱ्याचा उंबरा. चाळीस-पन्नास वर्षं माणूस तो ओलांडूनच आत गेलेला असतो. पेटीवर मी तो पीस एका आवाजात वाजवायचे, आणि गाणारे समजून घ्यायचे. समजून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवत नसे.

याला सध्याचं सर्रास उत्तर म्हणजे ट्रॅक. गावोगावी कराओके क्लब निघालेत, आणि आयुष्यात कधी माइक हातात न घेतलेली कितीतरी माणसं त्यांच्यामुळे गायला उभी राहिली, हे मी मनापासून मानते. तरी साथ म्हणून मला ट्रॅक पटत नाही. सत्तरीतल्या माणसाला श्वास घ्यायला अर्धी मात्रा जास्त लागते. ट्रॅक ती देत नाही. एखाद्या दिवशी धृवपदाची ओळ दोनदा म्हणून समाधान होत नाही, तिसऱ्यांदा घ्यावीशी वाटते, आणि तोवर ट्रॅक पुढच्या पीसला निघून गेलेला असतो. गाणारा मग पडद्यावरच्या अक्षरांमागे धावतो. गळा चांगला, सूर चांगला, आणि सगळं लक्ष गाडी चुकू नये याकडे. ज्यानं थांबायचं असतं तोच पुढे चालतो आणि ज्याच्यासाठी थांबायचं तो मागून धापा टाकत येतो, याला साथ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अरेंजरची मांडणी वेगळी आहे. उजव्या हातानं मी चाल वाजवते, डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले दोन-चार सूर, धरते, आणि त्या कॉर्डवरून सॉफ्टवेअर बाकीचा वाद्यवृंद उभा करतं. मुळाशी 'स्टाइल' नावाची फाइल असते. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ ट्रॅक: तालाचे दोन, बास, कॉर्डचे दोन, पॅड आणि फ्रेझचे दोन. इंट्रो, मेनचे ए ते डी असे चार प्रकार, ओळींमधली जागा भरणारे फिल-इन, शेवटचं एंडिंग हे तिचे तुकडे. हे सगळं बहुतेक वेळा एकाच कॉर्डवर, सी मेजर सेव्हनवर, वाजवून ठेवलेलं असतं. मी एफ मायनर धरला की कुठल्या ट्रॅकनं आपले सूर कसे हलवायचे याचे नियम फाइलच्याच पोटात असतात. बासनं कॉर्डच्या मूळ सुरामागे जायचं, कॉर्डच्या ट्रॅकनं होईल तितकं जवळच्या सुरावर सरकायचं, तालाच्या ट्रॅकनं हलायचंच नाही. १९९० साली कॅनडातून बँड-इन-अ-बॉक्स आलं, त्यात कॉर्ड आधी लिहून ठेवायच्या आणि मग बँड वाजवायचा. घरच्या रियाजाला ते उत्तम. पण समोर माणूस गातंय तेव्हा कॉर्ड आयत्या वेळी हातानंच द्यायला हवी. मी पुढचं बटण दाबेपर्यंत मेन ए चालूच राहतं. ओळ दोनदा घ्या, पाचदा घ्या. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून ताजा आहे.

अरेंजर हा शब्दही मला जवळचा वाटतो, कारण तो आधी माणसांना लागायचा. मुंबईच्या चित्रपटसंगीतात संगीतकाराच्या चालीला वाद्यांचा साज चढवणारे, कुठल्या ओळीमागे चेलो जाईल आणि कुठे नुसती बासरी राहील हे कागदावर नोटेशननं उतरवणारे ते अरेंजर. त्यातले पुष्कळ गोव्याचे, चर्चच्या शाळांमधून वाचून वाजवायला शिकलेले. शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसूझा, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. गोन्साल्विसांनी तर १९५८ साली वाद्यवृंद उभारून हिंदुस्थानी रागसंगीत सिंफनीच्या अंगानं मांडायचा प्रयत्न केला. मराठीत आपण संगीत संयोजक म्हणतो. अनिल मोहिले, श्यामराव कांबळे ही नावं त्यातलीच. हे लोक गाणं आधी ऐकत आणि मग ठरवत. सॉफ्टवेअरमध्ये ठरवणं आधीच होऊन गेलेलं असतं, गाणं नंतर येतं. या उलट्या क्रमाचा अर्थ मला कळला एका संध्याकाळी, आणि तो कळण्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली.

आमच्याकडे गाणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात, त्यांच्या वर्गात कधी न बसलेलेसुद्धा. वय ७४. त्यांची पट्टी कित्येक वर्षं काळी चार होती, हल्ली अर्धा सूर उतरून पांढरी पाच झाली आहे. गळ्याची ताकद कमी झाली, पण एखादा सूर धरून ठेवण्याची त्यांची तऱ्हा तीच आहे. अंतऱ्याच्या शेवटी पंचमावर येतात आणि तिथे राहतात. किती राहतील ते आदल्या दिवशी सांगता येत नाही, त्यांनाही नाही.

त्या संध्याकाळी मी नवी स्टाइल लावली होती, घरी आठवडाभर घासूनपुसून तयार केलेली. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्रा मोजणारे चार ठिपके एकामागून एक उजळत होते. बाई पंचमावर आल्या, मी ठिपके मोजले, चौथ्या ठिपक्याला फिल-इनचं बटण दाबलं. ड्रमचा गडगडाट आणि शेवटी झांजेचा खणखणाट बाईंच्या सुरावर जाऊन आदळला. त्या अजून पंचमावरच होत्या. सूर तुटला. त्यांनी माइक खाली ठेवला, रागानं नाही, हळूच. आणि म्हणाल्या, "तू नेहमी माझ्याकडे बघत वाजवतेस गं. आज पडद्याकडे बघत होतीस."

पुढचं गाणं दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. बाई त्या दिवशी परत गायल्या नाहीत.

मला वडिलांचं शिकवणं आठवलं. पेटीवर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. लहानपणी मला उजव्या हाताचंच कौतुक होतं. बोटं भराभर पळाली की झालं. वडील मात्र डाव्या हाताकडे बघायचे. गाणारा श्वास घेतो तेव्हा भाता हलका कर, तो सूर लावतो तेव्हा त्याच्याखाली हवा असू दे, एवढंच सांगायचे. पेटीचा आवाज वाढतो आणि मावळतो तो भात्यानं. गाणाऱ्याच्या छातीशी नातं असतं ते डाव्या हाताचं. कीबोर्डवर आले तेव्हा भाता गेला, डाव्या हाताला कॉर्डचं काम मिळालं, आणि त्या बदलात त्याची ऐकण्याची सवय सुटून गेली. सॉफ्टवेअरला ऐकू येत नाही. त्याला माझा डावा हात तेवढा कळतो. मग ऐकायचं ते त्या हातानंच ऐकायला हवं.

दुसऱ्याच आठवड्यात लॅपटॉप उजवीकडे, मान वळवल्याशिवाय दिसणार नाही असा ठेवला. फिल-इन पायाच्या स्विचवर घेतला, कारण हात बटणाकडे गेला की डोळे त्याच्यामागे जातात. झांज बंद केली. आणि गाणारा सुरावर पोचेपर्यंत कॉर्ड बदलायची नाही, असं स्वतःला बंधन घातलं. आधी बदलली तर गाणाऱ्याला ढकलल्यासारखं होतं. कणभर नंतर बदलली तर तो जिथे आला तिथे कुणीतरी पाट मांडून ठेवल्यासारखं वाटतं. हा कणभर किती, ते मला सांगता येत नाही, पण काका नुसत्या मानेनं सांगतात.

मग कॉर्डचाच प्रश्न उभा राहिला, आणि तो ड्रमच्या गडगडाटापेक्षा खोल होता. एक गृहस्थ भीमपलासातला अभंग म्हणतात. भीमपलासात गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. षड्जावर मायनर कॉर्ड सहज बसते. मध्यम हा तर विसाव्याचा सूर, तिथे गाणारा थांबतो, आणि पाश्चात्त्य हिशोबानं मध्यमावर मेजर कॉर्ड: मध्यम, धैवत, षड्ज. कागदावर काही चूक नाही. पण भीमपलासाच्या आरोहात रिषभ-धैवत नाहीत. धैवत येतो तो उतरताना, स्पर्श करून जातो. मी मध्यमाची कॉर्ड धरली की पॅडच्या ट्रॅकमधून तो धैवत चार-चार मात्रा पसरून बसायचा. गाणारे गृहस्थ रागशास्त्र शिकलेले नाहीत, तरी तिथे ते दर वेळी थोडे अडखळायचे. कोणी न बोलावता घरात येऊन मधोमध खुर्ची टाकून बसल्यासारखा तो धैवत.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्येच सापडला, आणि तो कॉर्डच्या यादीच्या अगदी टोकाला होता. मेजर, मायनर, सेव्हन्थ अशा लांबलचक यादीत '१+५' आणि '१+८' असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मूळ सूर आणि त्याचा पंचम, दुसऱ्यात मूळ सूर आणि त्याचं वरचं सप्तक. गंधार नाहीच. डाव्या हातानं षड्ज-पंचम धरला की सगळा वाद्यवृंद षड्ज-पंचमावर येतो. मध्यमावर गेलं की मध्यम-षड्ज, धैवताचं नाव नाही. म्हणजे तंबोराच.

मिरजेत साथीचा विचार करताना तंबोरा आडवा येणारच. सतारमेकर गल्लीतून जाताना पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे रांगेनं वाळत ठेवलेले दिसतात, सूर झंकारावा म्हणून घोडी घासून जवारी लावणाऱ्याचा एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, त्यांच्या नावानं दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा गाणाऱ्याचं काही ऐकत नाही. त्याची लय गाण्याच्या लयीशी बांधलेली नाही, त्याचे सूर बदलत नाहीत, कोणी चुकलं तरी तो आपला झंकारत राहतो. तरी त्याच्याइतकी विश्वासाची साथ दुसरी नाही, कारण तो कुणाच्या वाटेत येत नाही. तबला याच्या बरोबर उलट: सतत ऐकणारा, गाणाऱ्यानं लय जराशी सोडली तर सावरून घेणारा. अरेंजर चांगला वाजतो तो या दोघांपैकी एकाच्या जवळ गेला तरच, असं माझं आता मत झालं आहे. मधल्या जागेत तो नुसता गोंगाट करतो.

हॉलवर येणाऱ्या एका आजोबांना हे सगळंच नापसंत आहे. यंत्राची साथ ही साथ नव्हे, पेटी आण, असं ते दर महिन्याला एकदा सांगतात. त्यांच्या म्हणण्याचा मला राग येत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी घातली होती आणि ती तीन दशकं टिकली. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींना जुळत नाहीत, हे आक्षेप तेव्हाही खरे होते, आजही आहेत. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकांनी ते खोटे ठरवले नाहीत. मींड निघत नाही त्या जागी काय वाजवायचं आणि काय सोडायचं हे त्यांनी शोधलं. आजोबांना एवढंच म्हणावंसं वाटतं, की तुमच्या पेटीलाही कुणीतरी असंच शिकवलं होतं.

रूपकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिनं माझी सर्वात जास्त दमछाक केली. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन: तीं तीं ना, धी ना, धी ना. आणि त्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'ची, बिनवजनाची. तिथे बायाँ, म्हणजे डग्गा, घुमत नाही. वजन येतं चौथ्या मात्रेला. स्टाइल बनवणाऱ्यांच्या मनात मात्र पहिला ठोका हा नेहमी सगळ्यात जड: तिथे बास, तिथे बास ड्रम. सात मात्रांची एक तयार स्टाइल घेतली तर ती दर आवर्तनाला समेवर धपकन बसायची. काकांनी ऐकून तोंड फिरवलं. "समेला उचलायचं अस्तंय," एवढंच बोलले. मी बासचा ट्रॅक पुसून पहिल्यापासून लिहिला. पहिल्या तीन मात्रा बास गप्प, चौथीला षड्ज, सहावीला पंचम. ऐकताना आधी चुकल्यासारखं वाटतं, मग दुसऱ्या आवर्तनाला शरीर हलकं होतं आणि कळतं, हाच रूपक. दोन रात्री त्यात गेल्या, आणि त्या दोन रात्री मी काही तरी केलं असं मला वाटतं.

त्याच सुमारास काकांचे गुडघे दुखायला लागले. जिने चढवत नाहीत, म्हणून अधूनमधून गुरुवार चुकायला लागला. काका ऐन उमेदीत ऑर्केस्ट्रात होते. तबला, ढोलकी, कोंगो, सगळं. स्टेजवर चौदा-पंधरा वादक असायचे आणि गणपती ते दिवाळी एक रात्र मोकळी नसायची. मग काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड आला आणि तिघांचं काम एकट्यानं करायला लागला. मग रिदमवाले कीबोर्ड आले. मग ट्रॅक. सुपाऱ्या कमी होत गेल्या आणि एके दिवशी फोन यायचे थांबले. काका हे कुणाला दोष न देता सांगतात. पण मी ज्या यंत्रासमोर बसते ते त्याच साखळीतलं पुढचं कडं आहे, हे मला माहीत आहे, आणि ते मनातून जात नाही.

ते येत नाहीत त्या दिवसांसाठी तयार ताल वापरणं मला जमेना. म्हणून एका मंगळवारी त्यांच्या घरी गेले, डग्ग्याला एक आणि तबल्याला एक असे दोन माइक लावले आणि त्यांचा केरवा, आठ मात्रांचा ठेका, रेकॉर्ड केला. धागेनाती नकधीन. घरी येऊन प्रत्येक आघात कुठे पडला ते मोजलं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एका ठोक्याचे ४८० भाग आहेत. एका ठोक्यात केरव्याच्या दोन मात्रा, मिनिटाला ९० ठोके. काकांचा सातव्या मात्रेवरचा 'धी' जवळपास प्रत्येक आवर्तनात वीसेक भाग उशिरा येत होता. म्हणजे २८ मिलिसेकंद. आणि समेवरचा 'धा' बरोबर जागेवर. एकदा नाही, दोनदा नाही, पन्नास आवर्तनांत तसंच. ती रेंगाळ चूक असती तर इतकी नेमकी नसती. समेच्या आधी क्षणभर मागे रेलायचं, म्हणजे सम पुढे येऊन भेटते. आमच्या हॉलवरची सगळी गाणी इतकी वर्षं त्या २८ मिलिसेकंदांवर झुलत होती.

सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाचं बटण असतं, ते सगळे आघात ओढून ठरलेल्या जागी बसवतं. मी ते एकदा दाबून ऐकलं. ठेका स्वच्छ झाला आणि काका त्यातून निघून गेले. लगेच मागे घेतलं. पन्नासातली आठ आवर्तनं, थोडी वेगवेगळी, आहेत तशी ठेवून स्टाइल केली. डग्ग्यावर मनगट दाबून निघणारा घुमारा मात्र तुकड्यांतून नीट येत नाही. आवर्तन मध्ये कापलं की तो कापला जातो. ते आहे.

काकांना ती ऐकवली. डोळे मिटून दोन-तीन मिनिटं ऐकलं त्यांनी, बोटं मांडीवर चालू होती. मग म्हणाले, "ह्यो माझा मंगळवारचा हात हाय. रोज मंगळवार कसा चालंल गं?"

मला उत्तर सुचलं नाही. काका येत नाहीत त्या गुरुवारी मी ती स्टाइल लावते, आणि गाणाऱ्यांना आधी सांगते की हा काकांचा हात आहे, रेकॉर्ड केलेला. हे सांगणं मला गरजेचं वाटतं. आणि काका येतात त्या दिवशी तालाचे दोन्ही ट्रॅक बंद.

नुसते ट्रॅक बंद करून भागत नाही, हेही नंतर कळलं. तबला खरा आणि बास यंत्राचा, तर लय कुणाची? यंत्राचं घड्याळ आत चालूच असतं. अभंगात गजराकडे जाताना लय चढते. काका चढवणार, गाणारे चढणार, सगळा हॉल टाळ्यांनी चढणार, आणि बास ९० वर अडून बसणार. मी पायानं टॅप टेम्पो, म्हणजे ठोके देऊन यंत्राला नवी लय सांगणं, करून बघितला. काकांच्या कानात यंत्राच्या ठोक्यांची क्लिक घालायचीही सूचना कुणीतरी केली, ती मी काकांना सांगितलीसुद्धा नाही. पन्नास वर्षं माणसांकडे बघून वाजवलेल्या हाताला घड्याळाच्या दावणीला बांधायचं माझ्याच्यानं झालं नाही.

शेवटी घड्याळच थांबवलं. अरेंजरमध्ये एक सोय आहे: स्टाइल न चालवताही डाव्या हातानं धरलेली कॉर्ड वाजू देता येते. मी धरेन तेव्हा बास आणि पॅड, सोडीन तेव्हा शांत. ताल नाही, फिल-इन नाही, ठिपके नाहीत. आठपैकी दोन आवाज उरतात. त्यात मी उजव्या हातानं पीस वाजवते, व्हायोलिनचा किंवा बासरीचा, आणि डावा हात काकांच्या ठेक्याकडे आणि गाणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष देत उघडतो-मिटतो. पहिल्या दिवशी तो हात ओळखीच्या कामावर परत गेल्यासारखा वाटला. भाता नव्हता, हालचाल मात्र तीच.

गेल्या गुरुवारी बाई आल्या. काकाही आले होते, नातवानं स्कूटरवरून आणून सोडलं होतं. बाईंचा गळा बसला होता. "आज जरा उतरव गं," म्हणाल्या. पांढरी पाचवरून काळी तीन. मी ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबलं, माझं काम झालं.

काकांनी पिशवीतून हातोडी काढली. तबल्याचे लाकडी गठ्ठे खाली-वर केले, मग कडेच्या गजऱ्यावर बारीक ठोके, एकेक घर फिरवत. जुनी कातडी, लवकर ऐकत नाही. हॉलमध्ये पंधरा माणसं, कोणी बोलेना. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी एका बोटानं षड्ज धरून ठेवला, काळी तीन, नुसता पॅडचा आवाज, अगदी हळू. काका कान तबल्याजवळ नेत, टिचकी मारत, परत एक ठोका देत. चार मिनिटं लागली असतील. एका घरात सूर अजून चढा होता. तो उतरेपर्यंत मी बोट काढलं नाही.